आमच्या पद्मिनीचा मागचा आवाज

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षात ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दिलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना वेळेअभावी राहिलेल्या एक-दोन गोष्टी लिहून काढताना घातल्या आहेत.)



मला बोलायला सांगितलं तेव्हा विषय सुचवला होता ‘निवृत्तीनंतरचे आर्थिक नियोजन’. बँकेत ३६ वर्षं काढलेल्या माणसाला दुसरं काय सांगणार! पण त्या विषयावर आपल्यापैकी प्रत्येकाला रोज चार फोन येतात, त्यात पाचवा माझा नको. म्हणून मी आज पार्किंग नंबर १४ मधल्या गाडीबद्दल बोलणार आहे. सेक्रेटरीसाहेब पहिल्या रांगेत बसलेत, हसताहेत. का हसताहेत ते पुढे येईलच.

गाडी सगळ्यांना माहीत आहे. प्रीमियर पद्मिनी, १९८८ चं मॉडेल, रंग मुळात पांढरा. बँकेच्या वाहनकर्जावर घेतली. मूळची ही फियाट ११००. आपल्याकडे कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्स ती बनवायची आणि १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी झालं. इंजिन १०८९ सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन पुढे आणि ओढणारी चाकंही पुढचीच. पद्मिनीत इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. आजची सगळी गोष्ट या एका फरकातून निघते.

इंजिनाचा जोर मागे न्यायला गाडीच्या पोटाखालून एक लांब दांडा जातो, प्रोपेलर शाफ्ट. तो फिरतो गाडीच्या लांबीच्या रेषेत. चाकं मात्र आडव्या आसावर फिरतात. म्हणजे फिरणं काटकोनात वळवायला हवं. ते काम करतं मागच्या आसाच्या मधोमध असलेलं ते भोपळ्यासारखं लोखंडी गोळं. गाडीखाली वाकून पाहिलंत तर दिसेल. त्यात दांड्याच्या टोकाला एक लहान दातेरी चाक असतं, त्याला पिनियन म्हणतात, आणि ते एका मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं, ते क्राउन. आमच्या गाडीत पिनियनला १० दात आहेत आणि क्राउनला ४३. दांडा चार पूर्णांक तीन वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आता नुसतं काटकोनात वळवून भागत नाही. गणपतीच्या मिरवणुकीत लेझीम पथक कोपऱ्यावर वळताना पाहिलंय ना? आतल्या बाजूची मुलं जवळजवळ जागेवरच पावलं टाकतात आणि बाहेरच्या बाजूची मुलं लांब ढांगा टाकत पळतात, तेव्हा कुठे रांग सरळ राहते. गाडीचंही तसंच. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. बैलगाडीत ही अडचण नाही, कारण दोन्ही चाकं आसावर मोकळी फिरतात. पण ज्या आसाला जोर द्यायचाय तिथे दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट बांधली तर वळणावर एक टायर घासणारच. म्हणून क्राउनच्या पोटात आणखी चार लहान दातेरी चाकं बसवलेली असतात. ती गाडी सरळ जाताना आपसात फिरत नाहीत, नुसती क्राउनबरोबर फिरतात. वळणावर मात्र आपसात फिरतात आणि दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने जाऊ देतात. हे डिफरन्शियल. फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेकेर नावाच्या माणसाने वाफेच्या गाडीसाठी १८२७-२८ च्या सुमारास हे केलं. म्हणजे मोटार जन्माला यायच्या आधी जवळजवळ साठ वर्षं!

तर आमच्या गाडीच्या या भोपळ्यातून आवाज येऊ लागला. किंवा असं म्हणतो, माझ्या पत्नीला तो येऊ लागला.

तिचे गुडघे गेल्यावर ती पुढे बसेनाशी झाली. मागच्या सीटवर आडवे पाय पसरून बसायची. वाईला आमचं जाणं-येणं असायचं, खंबाटकी घाटातून. एकदा परतताना म्हणाली, “अहो, मागे कुणीतरी गुणगुणतंय.” मी म्हणालो, “टायर आहेत, रस्ता खराब आहे.” पुढच्या खेपेला पुन्हा म्हणाली. मी म्हणालो, “तुझे कान वाजतात.”

इथे एक कबुली द्यायला हवी. कान माझे गेलेत. म्हणजे उजवा. डावा ठीक आहे. एका कानाने माणसाला आवाज येतो, पण तो कुठून येतो हे कळत नाही, कारण दिशा कळायला दोन कान लागतात. दाराची बेल वाजली की मी फोनकडे पाहतो, हे आमच्या मजल्यावरच्यांना माहीत आहे. त्यामुळे गाडीत मला एकच सगळा मिळून गोंगाट ऐकू यायचा. त्यात गुणगुण होती की नव्हती, मला सांगता येत नव्हतं. हे मी तिला सांगितलं नाही. तिचेच कान वाजतात म्हणालो.

२०२१ मध्ये ती गेली. त्यानंतर गाडी कव्हर घालून उभी राहिली. महिन्यातून एकदा सुरू करायची, दहा मिनिटांनी बंद करायची. पुढे तेही सुटलं.

२०२३ च्या अखेरीला कमिटीचं पत्र आलं. ‘वापरात नसलेली वाहने ३० दिवसांच्या आत हलवावीत.’ सेक्रेटरीसाहेब, तुमच्यावर राग नव्हता, आजही नाही. पार्किंगची अडचण मलाही दिसते. त्याच महिन्या-दोन महिन्यांत, ऑक्टोबरच्या शेवटी, मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादा संपल्यामुळे रस्त्यावरून गेल्याची बातमी सगळ्या पेपरांत होती. मुलगा बाहेरून फोनवर म्हणाला, बाबा, आता विका. मी विचार केला, एकदा चालवून तर पाहू. बॅटरी नवी घातली, ब्रेक करून घेतले, पेट्रोलची टाकी साफ करून घेतली. पहिल्या फेरीला सी-विंगमधली, माझ्या नातीच्या वयाची एक मुलगी हट्टाने मागे बसली. कर्वे पुतळ्यापर्यंत गेलो नाही तोच म्हणाली, “आजोबा, मागे कोण गुणगुणतंय?”

मी गाडी बाजूला घेतली. दोन मिनिटं काही बोललो नाही. तिला वाटलं पेट्रोल संपलं.

मग गॅरेजच्या फेऱ्या सुरू झाल्या. पहिल्या ठिकाणी सांगितलं, मागच्या चाकांची बेअरिंगं गेली. दोन्ही बदलली. आवाज तसाच. दुसऱ्या ठिकाणी गाडी उभीच असताना सांगितलं, अख्खं डिफरन्शियल बदलावं लागेल, कुर्ल्याच्या भंगार बाजारातून मोडीत निघालेल्या टॅक्सीचं आणून बसवू, २८,००० रुपये. मी म्हटलं, चालवून तरी बघा. म्हणाले, “काका, या गाड्यांचं हेच असतं.”

बँकेत एखादं खातं जुळत नसेल तर आम्ही अख्खं लेजर फेकून नवं घेत नव्हतो. नोंद शोधत होतो. म्हणून मी घरी येऊन एक को वही घेतली आणि ठरवलं की एकेक शक्यता खोडत जायची. कान नव्हता, तो उसना घ्यायचा.

पहिला प्रश्न टायरचा. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. पौड रस्त्यावर काँक्रीट आहे, पुढे डांबर लागतं. पहाटे साडेपाचला त्या मुलीच्या वडिलांना मागे बसवून दोन्हीवरून एकाच वेगाने गेलो. खरखर बदलली, गुणगुण बदलली नाही. टायर खोडले.

दुसरा, चाकांची बेअरिंगं. ती आधीच बदललेली होती, पण नवं बसवलं म्हणजे बरोबर बसवलं असं नसतं. मोकळ्या रस्त्यावर चाळीसच्या वेगाने गाडी हळूच डावीकडे, मग उजवीकडे झुलवायची. डावीकडे वळवली की वजन उजव्या चाकावर येतं, उजवीकडे वळवली की डाव्यावर. ज्या बाजूचं बेअरिंग खराब, त्या बाजूवर वजन आलं की घरघर वाढते. आमची वाढली नाही, कमीही झाली नाही. ही चाचणी पैसे देण्याआधी केली असती तर ३,००० रुपये वाचले असते. असो.

तिसरा, गिअरबॉक्स. इथे पद्मिनीची एक सोय आहे. चौथ्या गिअरमध्ये इंजिनाचा दांडा आणि मागे जाणारा दांडा थेट जोडले जातात, मधल्या दातेरी चाकांवर जोर येतच नाही. आवाज दुसऱ्या-तिसऱ्यात असून चौथ्यात गेला तर संशय गिअरबॉक्सवर. आमचा चौथ्यात सगळ्यात स्पष्ट. शिवाय सपाट, रिकाम्या रस्त्यावर साठला गाडी न्यूट्रल केली तरी तो अंधुकसा राहायचा. इंजिन बंद करायचं नाही हं, कुणी करून बघू नका, स्टिअरिंगला कुलूप लागलं तर भलतंच व्हायचं. न्यूट्रलला इंजिनाचा आवाज खाली येतो, आणि गाडीच्या वेगाबरोबर जो आवाज उरतो तो इंजिनाच्या मागच्या बाजूचा.

चौथा, क्राउनच्या पोटातली ती लहान चाकं. ती वळणावरच काम करतात हे आत्ताच सांगितलं. शाळेच्या मैदानात रविवारी सकाळी पूर्ण वळण घेऊन गोल गोल फिरलो, पाच फेऱ्या उजवीकडे, पाच डावीकडे. वॉचमनने विचारलं साहेब काय हरवलंय का. वळणात वेगळा कुरकुराट नाही. तीही खोडली.

राहिलं पिनियन आणि क्राउन, आणि दांड्याच्या मधलं बेअरिंग. पद्मिनीचा दांडा दोन तुकड्यांचा आहे, मध्ये रबरात बसवलेलं एक बेअरिंग. तेही आवाज करतं. या दोघांत निवड कशी करायची? इथे मला आपले बी-विंगचे पेटीवाले भेटले. संस्थेच्या भजनी मंडळात २० वर्षं पेटी वाजवतात, त्यांची ओळख करून द्यायची गरज नाही. जिन्यात मी त्यांना हे सांगत होतो. ते म्हणाले, “सूर कुठला आहे?”

मी म्हटलं, कसला सूर?

“अहो, गुणगुणतंय म्हणता ना? मग काळी का पांढरी?”

पुढच्या रविवारी पहाटे ते पेटी घेऊन मागच्या सीटवर बसले. मी सांगितलं, फोनवर सूर दाखवणारं काहीतरी मिळतं. म्हणाले, ते तुमच्या मुलाला द्या. चांदणी चौकातून पिरंगुटच्या दिशेने निघालो. स्पीडोमीटर जुना आहे, त्यावर माझा भरवसा नाही, म्हणून किलोमीटरच्या दगडांवरून वेळ लावली. ताशी ४० म्हणजे एका किलोमीटरला ९० सेकंद. घड्याळ त्या मुलीकडे दिलं होतं, ती आरडाओरडा करून सेकंद सांगत होती. वेग नेमका ४० वर बसला तेव्हा पेटीवाल्यांनी भाता मारला, दोन-तीन पट्ट्या दाबून पाहिल्या, आणि म्हणाले, “पांढरी एक. थोडी उतरलेली.”

५० ला गेलो. “गंधार.” ६० ला गेलो. “पंचम! अहो, तुमची गाडी सा, ग, प म्हणतेय!”

गाडीला संगीत येतं असं त्यांना वाटलं, पण त्यात चमत्कार नाही. कुठल्याही दातेरी चाकाचा सूर वेगाच्या प्रमाणात चढतो, आणि ४०, ५०, ६० हे ४:५:६ असं प्रमाण आहे. सा, ग, प यांचंही तेच. ते आणखी एक गोष्ट म्हणाले ती मला फार आवडली. हा गंधार पेटीतल्या गंधारापेक्षा किंचित खाली आहे, तंबोऱ्यात आपोआप ऐकू येतो तसा. पेटीचे सूर सोयीसाठी थोडे सरकवलेले असतात, गाडीचे नाहीत.

घरी येऊन मी गणित मांडलं. पार्किंगमध्ये मागच्या टायरला खडूची खूण करून गाडी एक फेरा ढकलली होती, अंतर १ मीटर ८५ सेंटिमीटर. ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर. म्हणजे चाक सेकंदाला ६ वेळा फिरतं. क्राउन चाकाइतकंच फिरतं, आणि त्याला दात ४३. सहा गुणिले ४३, २५८. सेकंदाला २५८ वेळा दात दातावर येतो. आणि पेटीच्या मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे सेकंदाला सुमारे २६२ कंपनं. उतरलेली पांढरी एक! दांड्याचं मधलं बेअरिंग दांड्याबरोबर सेकंदाला फक्त २६ वेळा फिरतं. त्याची घरघर झाली असती, इतका स्वच्छ सूर लागला नसता. चाकाचं बेअरिंग तर त्याहून संथ. म्हणजे पिनियन आणि क्राउन यांचे दातच बोलत होते. त्या रात्री मला झोप लागली नाही, अगदी ताळेबंद जुळल्यासारखं वाटत होतं.

पण दात बोलताहेत म्हणजे दात खराब आहेत असं नाही, हे मला नाना पेठेत स्पेअर पार्ट घ्यायला गेलो तिथे बसलेल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने सांगितलं. वय माझ्याहून जास्त. गाडी न बघता त्याने एकच विचारलं. “साहेब, आवाज पाय दाबल्यावर येतो का सोडल्यावर?”

याचं उत्तर माझ्या वहीत नव्हतं. पुन्हा रविवार, पुन्हा पेटी. ६० ला गेलो, ॲक्सिलरेटर दाबून ठेवला. पेटीवाले म्हणाले, आहे, बारीक आहे. पाय सोडला. मागून मला डाव्या कानालासुद्धा ऐकू आला असा हुंकार उठला आणि वेग उतरेल तसा तो पंचमावरून षड्जापर्यंत घसरत आला. पेटीवाले म्हणाले, “काय मींड आहे!” त्यांचं लक्ष भलतीकडेच होतं.

मिस्त्रीने ते ऐकून मान हलवली. त्याचं म्हणणं असं. पिनियन दोन निमुळत्या बेअरिंगवर बसलेलं असतं, आणि पुढच्या बाजूला एक मोठा नट त्या दोघांना ठरावीक ताणात धरून ठेवतो. तो ताण गेला की पिनियन किंचित मागे-पुढे होऊ लागतं. पाय दाबला की दातांचा जोर त्याला एका बाजूला रेटतो, पाय सोडला की दुसऱ्या बाजूला. मग दात आपल्या रोजच्या जागी न भिडता भलत्या जागी भिडतात आणि ओरडतात. दातच झिजले असते तर बहुधा पाय दाबल्यावर जास्त ओरडले असते. आणि मग त्याने विचारलं, “पिनियनचं ऑइल सील कधी बदललंय का?”

आता, मी गाडीची डायरी ठेवतो. १९८८ पासून. पेट्रोल, ऑइल, प्रत्येक नट. घरी येऊन डायरी काढली. मार्च २०१९: ‘मागे ऑइल गळती. पिनियन ऑइल सील नवे.’ गॅरेजचं नाव आहे, ते इथे सांगत नाही. सील बदलायला तो नट काढावा लागतो. काढण्याआधी नट आणि दांड्यावर खूण करायची, आणि परत लावताना ताण मोजायचा. खूण न करता, अंदाजाने आवळला तर कधी जास्त आवळला जातो, कधी कमी. आमचा कमी आवळला गेला होता.

त्याच पानावर खाली, १४ एप्रिल २०१९. माझंच अक्षर. ‘वाई. परतताना मागून गुणगुण असे सौ. म्हणते. मला काही ऐकू आले नाही.’

पाच वर्षं ती नोंद तिथे होती. आणि त्यानंतर आम्ही त्याच गाडीने खंबाटकी किती वेळा उतरलो, तेही डायरीत आहे. सात वेळा. पिनियनचं बेअरिंग चालत्या गाडीत अडकलं तर मागची चाकं जाम होऊ शकतात. उतारावर. मागे ती बसलेली असायची.

यावर जास्त बोलत नाही.

मिस्त्रीच्या शेडमध्ये गाडी मागून घोड्यांवर चढवली. त्याने दांडा सोडवला, पिनियनच्या पुढची तबकडी हातात धरली आणि पुढे-मागे ओढली. टक्, टक्. इतका प्ले हाताला लागायलाच नको होता. मग मला म्हणाला, तुम्ही धरा. मी धरली. ती टक् मला ऐकू नाही आली, पण हाताला कळली. ऑइल भरायच्या भोकात बोट घातलं तर बोट कोरडं, कारण सील पुन्हा गळत होतं. खालून जे ऑइल निघालं ते उन्हात धरलं तर त्यात मिठाईवरच्या वर्खासारखी चमक होती. ती चमक म्हणजे बेअरिंगचं लोखंड.

उघडल्यावर क्राउन-पिनियनचे दात मात्र शाबूत निघाले. पुढच्या बेअरिंगच्या रोलरवर खड्डे पडलेले होते, देवीच्या वणासारखे. मागचं बेअरिंगही निळं पडलेलं. मिस्त्री म्हणाला, क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीनेच तयार करतात, जोडी फोडायची नाही. दुसऱ्या गाडीचं अर्धं आणलं तर कधीच बसत नाही. आणि टॅक्सीचं अख्खं आणलं असतं तर तिने किती लाख किलोमीटर काढलेत कुणाला माहीत.

बसवताना त्याने केलेल्या दोन गोष्टी बघण्यासारख्या होत्या. एक, त्याने तेलात शेंदूर कालवला. मारुतीला लावतात तोच. तो क्राउनच्या आठ-दहा दातांना फासला आणि हाताने चाक फिरवलं. जिथे दात भिडतात तिथला शेंदूर पुसला जातो आणि डाग दिसतो. तो डाग दाताच्या मधोमध यायला हवा. टोकाला आला तर पातळ पत्र्याच्या चकत्या, त्यांना शिम म्हणतात, त्या कमी-जास्त करायच्या. आमचा डाग तिसऱ्या खेपेला मधे आला. दातांमध्ये मोकळीक ठेवायची ती पोस्टकार्डाच्या जाडीहूनही कमी.

दुसरी, ताण मोजायला त्याच्याकडे महागडं यंत्र नव्हतं. पिनियनच्या तबकडीला सुतळीचे वेढे दिले आणि टोकाला रद्दीवाल्याकडे असतो तसला स्प्रिंगचा काटा लावून ओढला. काट्यावर ठरलेला आकडा येईपर्यंत नट थोडा थोडा आवळत गेला, एकदम नाही. मी ३६ वर्षं वजनकाट्यावर सोनं तारण ठेवून कर्जं दिली, पण काट्याचा असा उपयोग पाहिला नव्हता. शेवटी ९० नंबरचं ऑइल, ईपी लिहिलेलंच. या तऱ्हेच्या दातांना हायपॉइड म्हणतात. पिनियन क्राउनच्या मध्यापेक्षा खाली बसवलेलं असतं, त्यामुळे दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, घसरतात. साधं ऑइल त्या दाबाखाली टिकत नाही. ज्यांच्याकडे अजून जुनी मागच्या चाकांवर चालणारी गाडी किंवा जीप आहे त्यांनी सर्व्हिसिंगला गाडी टाकून चहाला जाऊ नये, डबा स्वतः वाचावा.

सगळा खर्च, बेअरिंग, सील, ऑइल, मजुरी धरून ९,४०० रुपये. २८,००० नव्हेत.

पुढच्या रविवारी शेवटची चाचणी. पेटीवाले मागे, मुलगी मागे, पेटी मधे. ६० ला पाय सोडला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग पेटीवाले म्हणाले, “गेला.” त्यांना थोडं वाईट वाटलं असावं. खरं सांगायचं तर पूर्ण गेला नाही. पाच वर्षं दात वाकड्या जागी चालले, त्याची थोडी सवय राहिलीच. सत्तरच्या आसपास बारीक काहीतरी आहे असं ती मुलगी म्हणते. मिस्त्री म्हणाला, तेवढं राहू द्या.

घरी येऊन डायरीतल्या १४ एप्रिलच्या नोंदीपुढे मी लाल पेनने बरोबरची खूण केली, तारीख घातली आणि सही केली. आमच्या खात्यात तपासलेल्या नोंदीवर करायचो तशी.

कमिटीच्या पत्राला मी उत्तर दिलेलं आहे, त्याची पोच माझ्याकडे आहे. गाडी वापरात आहे. रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल तर पूर्वीसारखी बेल वाजवा. दोनदा वाजवा, आणि दारही ठोका, कारण मी आधी फोनकडे बघेन. गाडीखाली पुठ्ठा ठेवलेला असतो तो ऑइल गळतं म्हणून नव्हे, गळत नाही हे मला रोज सकाळी बघता यावं म्हणून. झाडूवाल्या मावशींना मी दोनदा सांगितलं आहे, पण कृपया तो कुणी कचरा समजून उचलू नये. आणि ते खड्डे पडलेलं बेअरिंग माझ्याकडे खणात आहे, कुणाला बघायचं असेल तर संध्याकाळी पाचनंतर या.